प्रस्तावना : खाल्लेल्या पानाच्या बाजूने

रोपवाटिकेत गेलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो : फूल कुठल्या रंगाचे येते आणि ते वर्षभर येते का. विक्रेता आपणहून तिसरी गोष्ट सांगतो, ‘याला कीड लागत नाही’, आणि तिथे व्यवहार पक्का होतो. आपल्या शहरांतले बगीचे, सोसायट्यांची आवारे, रस्त्यांचे दुभाजक आणि बंगल्यांची कुंपणे कित्येक वर्षे याच तीन कसोट्यांवर भरत गेली आहेत. हे पुस्तक त्यातल्या तिसऱ्या कसोटीलाच हरकत घेते. ज्या झाडाला कोणीही तोंड लावत नाही, ते झाड भोवतालच्या जीवसृष्टीच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यात जमा असते. फुलपाखरे हवी असतील तर त्यांच्या अळ्यांना पाने लागतात. शिंजीर, शिंपी, चिमण्या हव्या असतील तर त्यांच्या पिलांना भरवायला अळ्या आणि किडे लागतात; धान्य टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना सुरुवातीला किडेच भरवते. म्हणून परागवाहकांसाठी आणि पाखरांसाठी झाड निवडताना फुलाआधी पान पाहावे आणि त्या पानावर कोण जगते ते विचारावे, एवढाच या प्रस्तावनेचा मुद्दा आहे. स्थानिक झाडांचा आग्रह या प्रश्नाच्या उत्तरातून येतो. तो अभिमानातून आलेला नाही.

वनस्पतीला पळून जाता येत नाही, त्यामुळे तिचा बचाव तिच्या रसायनांत असतो. कुणाच्या पानात चीक, कुणाच्या उग्र तेल, कुणाच्या तुरट टॅनिन, तर कुणाच्या थेट विष. एखाद्या कुळाचे असे एखादे रसायन पचवायला शिकलेले कीटक लाखो वर्षांच्या सहवासातून घडतात, आणि एकदा घडले की बहुतेकदा त्याच कुळाला बांधले जातात. मधाची गोष्ट वेगळी. तो परागीभवनाच्या बदल्यात देण्यासाठीच असतो, त्यामुळे येईल त्याला तो चालेल असाच असतो. मादागास्करच्या किंवा मेक्सिकोच्या झाडाचे फूल आपल्याकडच्या फुलपाखराला म्हणूनच सहसा चालून जाते. त्याच झाडाचे पान त्याच्या अळीला चालत नाही. ‘परदेशी झाडांवरही फुलपाखरे येतात की’ हा नेहमीचा आक्षेप या फरकाकडे पाहिले की बराचसा विरतो. घाणेरीच्या गुच्छांवर गर्दी करणारी फुलपाखरे खरीच असतात, पण घाणेरी ही त्यांची खाणावळ आहे, बाळंतघर नव्हे. आसपास अंडी घालायला जागा नसेल, तर ती गर्दी दुसरीकडे वाढलेल्या पिढीची असते.

हे बारकाईने पाहायला कढीपत्त्याची एक कुंडी पुरते. ‘कॉमन मॉरमॉन’ या काळ्या फुलपाखराची मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला पाखराच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी दिसते, म्हणून पक्ष्याची तिच्यावर सहसा नजर जात नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून तांबूस, दुभागलेले मऊ शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. लिंबाच्या कुळातल्या पानांचा वास तिला रोखत नाही, उलट तिच्या आईला झाड शोधायला तोच मदत करतो. ‘ब्लू मॉरमॉन’ हे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झाले. त्याच्या अळ्याही याच कुळातल्या माकडलिंबावर आणि लिंबू-पपनसावर वाढतात. माकडलिंबू किती रोपवाटिकांत मिळते, असे विचारले तर आपल्या कौतुकाचे मोल कळते. रुईवर ‘प्लेन टायगर’ची अळी पान खाण्याआधी त्यात खाच पाडून चिकाचा पुरवठा तोडते, मग निवांत खाते. रुईचे विष अंगात साठवल्यामुळे पक्षी तिच्या फुलपाखराला टाळतात. ‘कॉमन जेझेबेल’ बांडगुळावर वाढते, ‘ब्लू टायगर’ हिरणदोडीवर, ‘क्रिमझन रोज’ ईश्वरीच्या वेलावर. ईश्वरी नाही तर ‘क्रिमझन रोज’ नाही, इतका हा हिशेब सरळ आहे.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यामुळे नियम अधिक स्पष्ट होतो. हळदीकुंकू नावाने बागेत लावली जाणारी तांबड्या-पिवळ्या फुलांची वनस्पती मूळची अमेरिकेतली, तरी ‘प्लेन टायगर’ तिच्यावर आनंदाने वाढते. सीताफळ तिकडचेच, तरी ‘टेल्ड जे’ची अळी त्यावर पोसली जाते. हळदीकुंकू रुईच्या गणगोतातले आहे, तर सीताफळ आपल्याकडच्या हिरव्या अशोकाच्या कुळातले. पानातली रसायने जवळची, म्हणून अळीला फरक पडत नाही. म्हणजे झाड कुठल्या देशातून आले याला स्वतःचे असे महत्त्व नाही. पानाशी जुने नाते असलेले जीव इथे आहेत की नाहीत, हे महत्त्वाचे. स्थानिक झाडांच्या बाबतीत ते नाते जवळपास नक्की असते, आणि दूरच्या कुळातल्या परदेशी झाडांच्या बाबतीत जवळपास नसतेच.

फुलांच्या बाजूलाही सगळे सरधोपट नाही. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांतले पराग बंद नळीत असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतात. मधमाशीला ते झटकता येत नाहीत. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकलकोंडी माशी फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा पराग भुर्रकन उडतात. हा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो, ती माशी मातीत. अंगणभर फरशी घातली आणि वाळकी फांदी दिसताच उचलून टाकली, तर फुले असूनही हे कामकरी राहणार कुठे? उंबराचे तर विचारूच नये. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो फुले मिटलेली असतात. टोकाच्या भोकातून एक चिमुकली गांधीलमाशी पंख तुटले तरी आत शिरते, परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. वड, पिंपळ, उंबर यांच्या प्रत्येक जातीला सहसा आपापली माशी असते. झाडे वेगवेगळ्या वेळी पिकत असल्याने हरियाल, तांबट, धनेश यांना जवळपास वर्षभर फळ मिळते. उष्ण कटिबंधातल्या सुमारे ९४ टक्के सपुष्प वनस्पती परागीभवनासाठी प्राण्यांवर अवलंबून असतात, असा २०११ सालच्या एका जागतिक आढाव्याचा निष्कर्ष आहे. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने काम करणाऱ्या जैवविविधता मंचाने परागवाहकांवर अहवाल दिला. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांश पिकांना परागवाहकांचा कमीजास्त आधार लागतो, असे त्यात म्हटले होते. प्रश्न बागेच्या शोभेपुरता राहत नाही तो इथे.

या विषयाची आपल्याकडची वाट तीन दिशांनी आली. पहिली वनस्पतिशास्त्राची. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केरळातल्या वैद्यांच्या ज्ञानावर उभा होता. आपल्या मुलखासाठी डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली आला, आणि पुण्यात विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी सूची सिद्ध केली. गंमत नव्हे, खेदाची बाब ही की ज्या काळात आपल्या झाडांची इतकी काळजीपूर्वक नोंद होत होती, त्याच काळात शहरांच्या रस्त्यांवर मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष रुजत होते. नोंद एका खोलीत झाली, लागवड दुसऱ्याच यादीवरून झाली. ती फारकत पुढे स्वातंत्र्यानंतरही टिकली. सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ सरकारी लागवडीतून डोंगरापर्यंत पोचले.

दुसरी दिशा निरीक्षकांची. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीभोवती ती वाढली. सालिम अली यांनी १९३२ साली सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांविषयी आणि पक्ष्यांवर विसंबलेल्या फुलांविषयी लिहिले. पळस, पांगारा, काटेसावर ही ऐन पानगळीत पेटणारी झाडे म्हणजे शिंजीर, साळुंक्या, कोतवाल यांची पाणपोई आहे, हे अशा नोंदींतून शास्त्राच्या भाषेत आले. विंटर-ब्लाइथ यांचे १९५७ सालचे आणि आयझॅक किहिमकर यांचे २००८ सालचे फुलपाखरांवरचे ग्रंथ अळ्यांच्या खाद्यवनस्पती सांगतात, म्हणून ते बागकाम करणाऱ्यालाही तितकेच उपयोगी आहेत. मराठीत दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आणि शरदिनी डहाणूकरांचा ‘फुलवा’ यांनी झाडाकडे पाहण्याची नजर घडवली. त्या नजरेला ‘मग लावू काय?’ या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर देण्याचे काम मात्र बरेचसे उरले.

तिसरी दिशा घरातली आणि गावातली. मंगळागौरीच्या आणि गणपतीच्या पत्रीत रुई, आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता, शमी, बेल यांना मान आहे. यांतल्या निम्म्या वनस्पती आज तण म्हणून उपटल्या जातात आणि श्रावणात बाजारातून जुडीने विकत आणल्या जातात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा श्रद्धेने राखलेल्या छोट्या तुकड्यांत किती मोठी संपदा टिकते हे जगापुढे आले. परंपरेत सगळे शुद्ध देशी होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कुंपणाचा निवडुंग, देव्हाऱ्यातला चाफा आणि दसऱ्याचा झेंडू हे तिन्ही अमेरिकेकडचे. परंपरेने जे राखले ते मोलाचे आहे, आणि जे सहज स्वीकारले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पश्चिमेकडे हा विचार बागेच्या रचनेतून सुरू झाला. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० साली ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून आखीव वाफ्यांविरुद्ध बंड केले, पण त्यांच्या रानबागेत परदेशी झाडांनाही मोकळा प्रवेश होता. शिकागोकडे येन्स येन्सेन यांनी तिथल्या गवताळ प्रदेशाची झाडे उद्यानांत आणली. चार्ल्स एल्टन यांनी १९५८ साली आक्रमक प्रजातींवर पुस्तक लिहिल्यावर परकी झाड हा चिंतेचा विषय झाला. २००७ साली डग्लस टॅलमी यांनी ‘ब्रिंगिंग नेचर होम’मध्ये अळी हेच बागेचे चलनी नाणे आहे असे मांडले. त्यांच्या चमूने वॉशिंग्टन शहराभोवतीच्या घरबागांत केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बागेतल्या वनस्पतींपैकी किमान ७० टक्के भाग स्थानिक नसेल तर चिकडी या छोट्या पक्ष्याची संख्या टिकत नाही, असे दिसले. दुसरा पक्ष इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली बागेतल्या प्रयोगाचा. तिथे स्थानिक आणि जवळच्या प्रदेशांतल्या वनस्पतींवर परागवाहक सर्वाधिक आले, पण परदेशी फुलांनी हंगामाच्या शेवटी मधाची सोय लांबवली. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाहीत. एकाने अळ्यांवर पोसणारा पक्षी मोजला, दुसऱ्याने फुलावर येणारे कीटक. मध आणि पान यांतला फरक इथे पुन्हा दिसतो. आपल्यासाठी निष्कर्ष असा : बागेचा कणा स्थानिक ठेवा, मग थोडा झेंडू आणि सदाफुली असली म्हणून बिघडत नाही.

तिसरा पक्ष जपानच्या अकिरा मियावाकींच्या घनवनाचा. आपल्याकडच्या महापालिकांना आणि कंपन्यांना ही पद्धत फार आवडली, कारण दोन-तीन वर्षांत हिरवा पुंजका उभा राहतो. स्थानिक जातींचा आग्रह ही तिची चांगली बाजू. कुठल्याही मोकळ्या जागेला जंगलच व्हायचे असते हे गृहीतक ही तिची कच्ची बाजू. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ, पुणे-अहिल्यानगरकडची गवताळ कुरणे, सड्यांवरची कातळफुले ही उजाड जमीन नव्हे. तिथे गवत, लहान झुडपे आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी व कीटक हेच मूळचे रहिवासी. राज्य शासनाने २०१९च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा प्रत्येक मोहिमेला पहिला प्रश्न जागेचा विचारला पाहिजे. भारतात उगवते एवढ्यावर झाड स्थानिक ठरत नाही. सुरंगी कोकणच्या दमट हवेतली, ती लातूरच्या अंगणात कष्टीच होणार. धायटी आणि मुरुडशेंग डोंगरउताराला शोभतात. मोह पूर्व विदर्भात घरचा असतो. स्थानिक म्हणजे त्या पावसाचे, त्या मातीचे आणि तिथल्या कीटकांच्या ओळखीचे.

आता काही आक्षेप. परक्या झाडांना नावे ठेवणे हा एक प्रकारचा द्वेषच नाही का? मिरची, बटाटा, पेरू, टोमॅटो यांच्याशिवाय आपले ताट पुरे होत नाही आणि चिंचेला परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. झाडाला देशभक्ती नसते, आणि माणसांविषयीचे पूर्वग्रह झाडांच्या आडून आणणे चूकच. आक्षेप परकेपणाला नाही. तो दोन ठोस गोष्टींना आहे. एक, सगळीकडे तेच तेच लावून पानांची विविधता संपवण्याला. दोन, आवर घालता येत नाहीत अशा जाती मोकाट सोडण्याला. गाजरगवताची देशातली नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते नसलेला माळ शोधावा लागतो. हौसेने लावलेला पिवळा कॉसमॉस पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पसरला आहे. पावसाळ्याअखेर ती पिवळाई पाहायला लोक जातात, तेव्हा तिच्याखाली सोनकी, तेरडा, कुर्डू यांची जागा गेलेली असते. विनाकारण आणि बेफिकिरीने केलेली लागवड किती महाग पडते, याचे हे डोळ्यांसमोरचे उदाहरण.

दुसरा आक्षेप घरातून येतो : अळ्या झाल्या तर झाड मरेल, कीटक घरात शिरतील. बहुतेक झाडे अळ्यांनी पाने खाल्ल्यावर नव्याने फुटतात. अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या, कोळी आणि पक्षी त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. फवारणी केली तर हे रखवालदार आधी मरतात आणि अळी परत येते. युरोपीय संघाने २०१८ साली निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर थांबवला, तो मधमाश्यांना होणाऱ्या अपायामुळेच. तिसरा आक्षेप जागेचा. दोन खोल्यांच्या घराला गॅलरी असते, बाग नव्हे. पण कढीपत्ता, कोरांटी, तुळस, सब्जा, अडुळसा कुंडीत सुखाने राहतात, आणि दहा गॅलऱ्या मिळून फुलपाखराला एक वाट तयार होते. चौथा आक्षेप खरा आहे : अशी रोपे मिळत नाहीत. मागणी नाही म्हणून कोणी वाढवत नाही आणि वाढवत नाही म्हणून मागणी नाही. यावर उपाय बियांचा आणि फाट्यांचा आहे. डोंगरावरून उपटून आणणे हा उपाय कधीच नाही. कंदीलपुष्पे, ऑर्किड, सड्यावरच्या नाजूक वनस्पती जिथे आहेत तिथेच राहिल्या पाहिजेत. बागेत त्या जगत नाहीत आणि डोंगरावर कमी होतात. सीतेच्या अशोकाची साल औषधासाठी ओरबाडून तो रानात विरळ झाला, हा अनुभव ताजा आहे.

या पुस्तकाने ज्या बागा डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत त्या कोकणातल्या परसापासून विदर्भातल्या अंगणापर्यंत आणि शहरातल्या गॅलरीपर्यंतच्या आहेत. ते झाडांची यादी नुसती अक्षरांच्या क्रमाने देत नाही. प्रत्येक झाडाला माती, पाऊस, बहराचा महिना आणि त्याच्यावर जगणारे जीव जोडून दाखवते. शिमग्यात पळस-पांगारा, उन्हाळ्यात बहावा आणि ताम्हण, श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि कुर्डू, दिवाळीनंतर पांगळी आणि निर्गुडी, अशी साखळी बारा महिने तुटू न देणे हे त्याच्या मांडणीमागचे सूत्र. परदेशी झाडे उपटून टाका असे ते कुठेही सांगत नाही. पुढचा खड्डा खणताना आधी काय विचारावे ते सांगते. बाग म्हणजे जंगल नव्हे, आणि घरबागांनी सह्याद्रीच्या तोडीची भरपाई होत नाही, हेही ते मान्य करते. जंगल वाचवण्याच्या कामाला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याच्या जोडीला हे काम आहे.

वाचकाला विनंती एवढीच. पुस्तक वाचून झाल्यावर या पावसाळ्यात आपल्या भागातले एक झाड किंवा एक झुडूप लावावे, त्यावर औषध फवारू नये, आणि पान कुरतडलेले दिसले तर लागवड साधली असे समजावे.